सोलापूरच्या सरळ दक्षिणेला

नकाशावर सोलापूरच्या ठिपक्यावर पेन्सिलीचं टोक ठेवा आणि फूटपट्टीने सरळ खाली, दक्षिणेकडे रेघ ओढा. कर्नाटक ओलांडून ती केरळच्या किनाऱ्यावर समुद्रात उतरते. त्यानंतर वाटेत जमीन म्हणून लागत नाही, एखादं बेटसुद्धा नाही. विषुववृत्त मागे पडतं, हिंद महासागर सरतो, दक्षिण महासागर सुरू होतो. सोलापूरपासून सुमारे नऊ हजार सातशे किलोमीटरांवर रेघ जिथे पुन्हा जमिनीला टेकते, तिथे अंटार्क्टिकाच्या लार्समन टेकड्यांवर 2012 पासून भारताचा ‘भारती’ हा संशोधन तळ उभा आहे. सोलापूरचे रेखांश 75.9 पूर्व, भारतीचे 76.2 पूर्व.

मी भूगोल शिकवतो. ही रेघ दरवर्षी वर्गात ओढून दाखवतो आणि दरवर्षी पोरं चकित होतात. पण सप्टेंबर 2025 नंतर तिच्याकडे माझं स्वतःचंच बघणं बदललं. त्या महिन्यात सीना नदी अशी फुगली की माढा, करमाळा, मोहोळ तालुक्यांतल्या गावांना पाण्याने वेढा घातला आणि लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद झाला. पाणी ओसरल्यावर मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो. त्याचे वडील मला शेतात घेऊन गेले. ऊस आडवा, ठिबकच्या नळ्या बाभळीच्या फांद्यांत गुंडाळलेल्या, आणि बांधाच्या अलीकडचा अर्धा एकर खरडून थेट मुरूम उघडा पडलेला. ते खाली बसले, मुरमाचा एक खडा उचलून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, ‘‘सर, तुम्ही पोरांना त्या ध्रुवावरच्या बर्फाच्या गोष्टी सांगता. तिकडं बर्फ वितळलं म्हणून हितं सीना फुगली का ओ?’’

एका पुराचं खापर एका बर्फावर फोडता येत नाही. हे मी त्यांना तिथेच सांगितलं. पण ‘‘छे, त्याचा इथे काय संबंध’’ असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही, कारण ते खोटं ठरलं असतं. सोलापूरच्या पाऊसपाण्याचा आणि ध्रुवीय महासागरांचा संबंध आहे, त्या महासागरांचा अभ्यास हा आपल्या जिल्ह्याचा प्रश्न आहे, आणि त्यावर सरकारने हात राखून खर्च करणं आपल्याला परवडणारं नाही. हे सगळं मला तेव्हा बांधावर उभं राहून नीट सांगता आलं नाही, ते आता सांगतो.

ध्रुवांवरच्या बर्फाची बातमी मराठीत येते तेव्हा ती बहुतेक वेळा मुंबईची बातमी असते. समुद्राची पातळी वाढणार, किनारे बुडणार. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंच. आपण काही बुडणार नाही, म्हणून पान उलटतो. खरं तर सोलापूरकराने ते पान मुंबईकराइतकंच लक्ष देऊन वाचायला हवं, कारण आपल्याकडे समुद्र पावसाच्या रूपाने येतो.

आणि आपला पाऊस हा सप्टेंबरचा पाऊस आहे. कोकण-घाटावर जून-जुलैत कोसळून सह्याद्रीच्या पलीकडे येईपर्यंत वारा कोरडा होतो. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरांच्या आसपास जे काही मिळतं, त्यातला सर्वांत मोठा वाटा सप्टेंबर देतो, तोही बऱ्याचदा बंगालच्या उपसागरावरून सरकत आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यांतून. उत्तरा आणि हस्त बरसले की काळ्या रानात ओल मुरते, वाफसा येतो, पाभर चालते. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी त्या एका ओलीवर पुढचे चार महिने काढते, वरून पाणी न घेता. म्हणजे सप्टेंबर कोरडा गेला तर ज्वारी नाही, कडबा नाही. आणि सप्टेंबरने धिंगाणा घातला तर ज्या मातीत पेरायचं तीच माती सीना-भीमेतून वाहून जाते. जिल्ह्याचं वर्ष चार-पाच आठवड्यांवर तोललेलं आहे.

आता त्या रेघेवरून खाली उतरू. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, मादागास्करच्या पूर्वेकडे हिंद महासागरावर हवेच्या जास्त दाबाचं एक विस्तीर्ण क्षेत्र असतं, मॅस्करीन उच्चदाब. आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, ते बळकट होतं. तिथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, सोमालियाच्या किनाऱ्याशी वळण घेतात आणि अरबी समुद्रावरून वाफ गोळा करत केरळात येतात. त्यालाच आपण मोसमी वारा म्हणतो. हा उच्चदाब कुठे आणि किती पक्का बसणार, यात त्याच्याही दक्षिणेच्या पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्याचा हात असतो. तो पट्टा ज्याच्यावरून घोंघावतो तो दक्षिण महासागर.

या महासागरात अंटार्क्टिकाभोवती एक प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे गरगर फिरतो. पृथ्वीवर हा एकच प्रवाह असा, की ज्याला अडवायला कुठेही जमीन नाही. त्यातून सेकंदाला 13 ते 17 कोटी घनमीटर पाणी वाहतं. आकडा असा डोक्यात शिरत नाही. उजनीचं माप लावून बघा. 117 टीएमसीचं काठोकाठ भरलेलं उजनी धरण त्या प्रवाहाने वाहून न्यायचं ठरवलं, तर त्याला वीस-पंचवीस सेकंद पुरतील. पाऊस चांगला झाला की दौंडचा विसर्ग किती, उजनी किती टक्के, हे आपण तासातासाला मोबाईलवर बघतो. त्याच पृथ्वीवर हे पाणीही वाहत असतं.

हा महासागर नुसता वाहत नाही, तो आपलं बरंच काही पोटात घेतो. माणसाने हवेत सोडलेल्या वायूंमुळे जी जादा उष्णता पृथ्वीवर अडकून राहिली, तिच्यातली 90 टक्क्यांहून अधिक समुद्रांनी शोषली आहे, आणि समुद्रांनी घेतलेल्या वाट्यातला सिंहाचा भाग दक्षिण महासागराचा. समुद्र जो कर्बवायू गिळतात, त्यातलाही सुमारे 40 टक्के इथेच जिरतो. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा 43-44 ला टेकतो तेव्हा आपण हैराण होतो. या पाण्याने ते ओझं उचललं नसतं तर काय झालं असतं, याचा हिशेब मांडायला मन धजत नाही.

हे ओझं उचलण्याची रीत कशी, ती मी वर्गात दोन ग्लासांत दाखवतो. एका ग्लासात साधं पाणी, दुसऱ्यात तेवढंच पाणी पण चार चमचे मीठ विरघळवलेलं. आदल्या रात्री निळी शाई घालून गोठवलेले बर्फाचे खडे, दोन्हीकडे एकेक. आधी पोरांना विचारतो, कुठला खडा आधी विरघळेल? जवळजवळ सगळा वर्ग मिठाकडे हात दाखवतो. मग बघत बसायचं. साध्या पाण्यात निळे धागे खड्यापासून सुटून सरळ तळाशी उतरतात, वरचं खाली, खालचं वर, पाणी फिरत राहतं आणि खडा लवकर संपतो. खाऱ्या पाण्यात निळं पाणी खाली जातच नाही. ते हलकं असतं, म्हणून वर झाकणासारखं बसून राहतं. त्या झाकणाखालचं पाणी ढिम्म हलत नाही आणि खडा तास संपायला आला तरी तरंगत असतो. मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढे येतात, असा हा एकच प्रयोग माझ्याकडे आहे.

ध्रुवीय समुद्रात नेमकं याच्या दोन बाजूंचं भांडण चालू आहे. समुद्राचं पाणी उणे 1.8 अंशाला गोठतं आणि गोठताना मीठ बाहेर टाकतं. ते मीठ खालच्या पाण्यात मिसळतं, पाणी जड होतं आणि बुडतं. अंटार्क्टिकाच्या काठाशी काही जागा अशा आहेत की तिथे वारा नवा बर्फ सतत समुद्राकडे ढकलतो, पाणी उघडं पडतं, पुन्हा गोठतं, पुन्हा मीठ टाकतं. हिवाळाभर चालणारा बर्फाचा कारखानाच तो. आपल्या भारती तळाच्या पश्चिमेला केप डार्नली नावाच्या टोकाशी असा एक कारखाना आहे, आणि तिथे महासागरांच्या अगदी तळाला जाणारं जड पाणी तयार होतं, हे जपानच्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये दाखवून दिलं. त्यासाठी त्यांनी पाण्यात यंत्रं तर सोडलीच, शिवाय सील या समुद्री प्राण्यांच्या अंगावर बसवलेल्या यंत्रांच्या नोंदीही वापरल्या. कारण हिवाळ्यात तिथे माणूस पोचत नाही, सील पोचतो. असं बुडालेलं पाणी प्राणवायू, थंडी आणि कर्ब घेऊन जगभरच्या समुद्रतळांवर पसरतं. अरबी समुद्राच्या तळाशी असलेलं गार पाणीसुद्धा मूळचं तिकडचंच.

आता या कारखान्यावर झाकण पडू लागलं आहे. अंटार्क्टिकाच्या हिमनद्यांचं वितळलेलं गोडं पाणी समुद्राच्या माथ्यावर पसरतं, माझ्या दुसऱ्या ग्लासातल्या निळ्या थरासारखं, आणि खालचं-वरचं थांबवतं. कर्बवायूचं उत्सर्जन असंच भरमसाट राहिलं तर अंटार्क्टिकाभोवतीचं हे खोल अभिसरण 2050 पर्यंत 40 टक्क्यांहून अधिक मंदावेल, असा अंदाज 2023 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मांडला. त्याच 2023 च्या सप्टेंबरात अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ हिवाळ्यातल्या कमाल विस्ताराला पोचला तेव्हा 170 लाख चौरस किलोमीटरही भरला नाही. 2014 मध्ये त्याने 200 लाखांचा टप्पा ओलांडला होता. नेहमीच्या सरासरीपेक्षा जी तूट पडली, तिच्यात साडेपाच महाराष्ट्र बसतील. जिथे पांढरा बर्फ ऊन परतवून लावायचा, तिथे काळंभोर पाणी ते पिऊन टाकतं. बर्फाळलेला पृष्ठभाग निम्म्याहून जास्त ऊन परतवतो, उघडं पाणी जेमतेम 6 टक्के.

उत्तरेच्या टोकाची कथा आपल्या सप्टेंबरला आणखी जवळून भिडते. आर्क्टिकवरचा उन्हाळ्याअखेरचा बर्फ 1980 च्या दशकात 70 लाख चौरस किलोमीटरांच्या घरात असायचा. 2012 च्या सप्टेंबरात तो 34 लाखांवर आला. रशियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. गोव्यात वास्कोला आपलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह 2021 मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ज्या वर्षी उन्हाळ्यात कारा समुद्रातला बर्फ फार घटतो, त्या वर्षी मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीचे प्रसंग वाढलेले दिसतात, असं त्यांना आढळलं. दुवा असा: उघड्या पडलेल्या पाण्यातून उष्णता हवेत जाते, वरच्या थरातल्या वाऱ्यांची घडी विस्कटते, युरोपवरून एक लाट आशियाकडे सरकत येते, आणि त्याच वेळी अरबी समुद्र तापलेला असेल तर त्याची वाफ तिला मिळते. हा सिद्ध झालेला नियम आहे असा दावा त्यांनी केलेला नाही, शक्यता म्हणूनच मांडलाय. अभ्यास मध्य भारताचा आहे, सीनेच्या खोऱ्याचा नाही, आणि 2025 च्या पुराला तो लावून मोकळं होणं चुकीचं ठरेल. पण ज्या जिल्ह्याचं सगळं वर्ष सप्टेंबरवर उभं आहे, त्याने ही शक्यता तपासून घेण्याचा आग्रह धरायला नको का?

दूरच्या बर्फाने मोसमी पाऊस हलतो, याचे जुने पुरावेही आहेत. अरबी समुद्राच्या तळातला गाळ आणि मेघालयातल्या गुहांमधले चुनखडीचे स्तंभ सांगतात, की हिमयुगाच्या काळात उत्तर अटलांटिक महासागरात वितळलेलं गोडं पाणी पसरून तिथलं अभिसरण मंदावलं, तेव्हा तेव्हा आपल्याकडचा मोसमी पाऊस रोडावला. तेव्हा उजनी नव्हती आणि मालदांडीही नव्हती.

इथे मला समोरून येणारा आक्षेप माहीत आहे. शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, आणि तुम्ही अंटार्क्टिकाच्या जहाजाबद्दल बोलता? आक्षेप प्रामाणिक आहे. रात्री दोनला घागरी भरणाऱ्या बाईला मी दक्षिण महासागराचं महत्त्व सांगायला जाणार नाही. जलवाहिनी आधी हवी, यावर वाद नाही. पण जलवाहिनी धरणातलं पाणी आणते, धरणात पाणी येण्याचं ती काही करू शकत नाही. जून 2024 मध्ये उजनी वजा 60 टक्क्यांच्या जवळ, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खूप खाली, गेली होती. ऑगस्टमध्ये ती शंभर टक्के भरली. अवघ्या दोन-अडीच महिन्यांत ही दोन टोकं. अशा धरणाच्या भरवशावर शहर, ऊस, कारखाने आणि पंढरीची वारी चालवायची, तर पुढचा हंगाम कसा असेल याची अटकळ जितकी पक्की, तितका आपला जीव भांड्यात.

शिवाय दूरचं फळ देणारं संशोधन सोलापूरला नवं नाही. 1933 साली इथे कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षं पाऊस मोजला, मातीतली ओल मोजली, पेरणीचं अंतर बदलून बघितलं. त्या मोजणीने पुढच्या वर्षी कुणाच्या रानात जादा थेंब पडला नाही. पण समपातळीवरचे बांध, विरळ पेरणी, ओल धरून ठेवण्याच्या कोळपण्या, हे सगळं तिथून गावोगाव गेलं. अगदी अलीकडे, 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यांत, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने सोलापूरच्या आकाशात विमानांतून कॅल्शियम क्लोराइड जाळून ढगांत बीजारोपण केलं. वाऱ्याच्या दिशेने शंभर चौरस किलोमीटरांत सरासरी 18 टक्के जादा पाऊस मिळाल्याचा निष्कर्ष निघाला. मला त्या प्रयोगाबद्दल आदर आहे. पण बीजारोपणाला आधी ढग लागतो, आणि ढग येणार की नाही याचा निर्णय ज्या समुद्रांवर होतो, तिथे आपले डोळे कमी पडतात.

किती कमी? भारताची पहिली तुकडी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहून निघाली आणि 9 जानेवारी 1982 ला अंटार्क्टिकावर उतरली. ते जहाज भाड्याचं, नॉर्वेचं होतं. त्यानंतर आपण दक्षिण गंगोत्री हा तळ उभारला, 1989 मध्ये मैत्री, 2012 मध्ये भारती. आर्क्टिकमध्ये 2008 ला हिमाद्री तळ झाला, 2014 ला तिथल्या फियोर्डमध्ये, म्हणजे उंच कड्यांमधल्या अरुंद खाडीत, पाण्याखाली निरीक्षणयंत्रणा बसली. चार दशकांत एवढं केलं, याचा मला अभिमान आहे. पण बर्फ फोडत जाणारं स्वतःचं ध्रुवीय संशोधन जहाज आपल्याकडे आजही नाही. 2014 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली होती. जून 2025 मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने नॉर्वेच्या कंपनीशी सामंजस्य करार केला. मधली 11 वर्षं गेली ती गेलीच. भाड्याचं जहाज तळांवर धान्य, डिझेल आणि माणसं पोचवतं, आणि उरलेल्या दिवसांत जमेल तेवढी समुद्राची मोजणी होते. हिवाळ्यात, जेव्हा तो मिठाचा आणि बर्फाचा कारखाना जोरात असतो आणि आपल्याकडे मोसमी पाऊस चालू असतो, तेव्हा त्या पाण्यात आपलं जहाज नसतं. हंगामाचा अंदाज काढणारी संगणकी प्रारूपं अशा रिकाम्या जागा अंदाजानेच भरून काढतात.

पुढच्या वर्षीचा पाऊस आधी कळावा, ही तहान सोलापूरइतकी कुणाला असेल? दर जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू रात्री आणतात, त्याच्या समोर धान्य, ऊस, बोरं ठेवतात, ते कशाला तोंड लावतं, बिथरतं का, याकडे हजारो माणसं श्वास रोखून बघतात आणि त्यावरून वर्षाच्या पावसापाण्याचा अर्थ लावतात. ज्या सिद्धरामांनी या गावासाठी तळं खोदलं, त्यांच्या अंगणात पाण्याचा प्रश्न विचारला जाणं मला फार योग्य वाटतं. 1982 मध्ये आपली माणसं पहिल्यांदा अंटार्क्टिकाच्या बर्फावर उभी होती, त्याच आठवड्यात इथे ती गर्दी जमली होती. दोन्हीकडची माणसं एकाच प्रश्नाची होती, असं मला वाटतं.

म्हणून जहाजाच्या मागणीबरोबर माझी एक मागणी घरातलीही आहे. सप्टेंबरमध्ये धरणाच्या अभियंत्यापुढे दुहेरी पेच असतो. आठ महिने पुरायचं तर धरण भरलेलं हवं, आणि अचानक ढगफुटी झाली तर पुराला जागाही हवी. आज तो निर्णय वरच्या धरणांचा विसर्ग आणि दोन-तीन दिवसांचा अंदाज बघून होतो. कारा समुद्राचा बर्फ कमी आहे की जास्त, हे जुलै-ऑगस्टमध्येच उपग्रहांतून दिसतं. त्यावरून कुणी दरवाजे उघडावेत असं मी म्हणत नाही, अजून तेवढा भरवसा त्या दुव्यावर नाही. पण मागच्या तीस-चाळीस वर्षांचा सीना-भीमेचा सप्टेंबर आणि त्या त्या वर्षांचा आर्क्टिकचा बर्फ शेजारी शेजारी मांडून बघायला काय अडचण आहे? नोंदी दोन्हीकडे आहेत. आपल्या विद्यापीठात भूगोलाचे विद्यार्थी आहेत, प्रबंधाला विषय शोधत असतात. निघालं काही तर सीनाकाठच्या गावांना जनावरं हलवायला आणि पंप वर काढायला आठवडाभर आधीची सावधगिरी मिळेल. नाही निघालं, तरी तेही कळलेलं बरं.

पावसाळा सरला की कालवा सल्लागार समितीची बैठक होते. टेबलावर साठ्याचा तक्ता असतो, आवर्तनांच्या तारखा असतात. तशीच एक बैठक जुलैअखेर, धरण भरत असताना व्हावी, आणि तिच्या कागदांत एक पान जास्तीचं असावं: दोन्ही ध्रुवांचा बर्फ यंदा किती, मॅस्करीन उच्चदाब कुठे आहे, अरबी समुद्र किती तापलाय, आणि अशा वर्षी आपल्याकडे सप्टेंबर कसा गेला होता. पान मराठीत असावं, तलाठ्याला आणि शेतकऱ्याला वाचता येईल असं. कुणी मागितलं तर ते मी लिहून देईन, दरवर्षी, विनामोबदला. आणि कुणी मागितलं नाही तरी त्याची एक प्रत सीनाकाठच्या त्या रानात नेऊन देणार आहे. मुरमाचा तो खडा अजून माझ्या टेबलावर आहे.